परीक्षेतले अनुमान

एखाद्या प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका हाती घेतली, तर तीत एका निराळ्या जातीचा प्रश्न आढळतो. त्यात इतिहास विचारलेला नसतो, भूगोल नसतो, गणितही नसते. चारपाच वाक्यांचा एक उतारा असतो, त्याखाली चारपाच विधाने असतात, आणि विचारलेले असते ते इतकेच, की वरील मजकूर खरा मानला तर खालीलपैकी कोणते विधान खरे असलेच पाहिजे? येथे पाठांतर कामास येत नाही. दीड मिनिटात उत्तर ठरवायचे, एका वर्तुळात शाई भरायची किंवा पडद्यावरील चौकटीत खूण करायची, आणि पुढे जायचे. अशा पंचवीस-पन्नास खुणांवर आज आपल्या मुलामुलींचे कायद्याचे शिक्षण, व्यवस्थापनाचे शिक्षण आणि सरकारी अधिकारपद अवलंबून असते.

मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. सभासदांची मुले हे प्रश्न घेऊन युनियनच्या कचेरीत येऊ लागली, तेव्हा प्रश्न सोडवता सोडवता मी त्यांचे कूळही शोधू लागलो. ते कूळ एक नाही, तीन आहेत. तर्कशास्त्र हे पहिले, स्पर्धापरीक्षा हे दुसरे, आणि मानसशास्त्रज्ञांची बुद्धिमापनाची खटपट हे तिसरे. या तिघांचा संगम विसाव्या शतकात अमेरिकेत झाला. त्या संगमाची हकीकत आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

१. धूर आणि अग्नी

पहिले कूळ सर्वांत जुने. ग्रीसमध्ये ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने अनुमानाचे नियम बांधले. सर्व माणसे मर्त्य आहेत, अमुक एक माणूस आहे, म्हणून तो मर्त्य आहे, ही त्याच्या परंपरेतील प्रसिद्ध मांडणी. आपल्याकडे न्यायदर्शनाने तेच काम पाच अवयवांनी केले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. या पर्वतावर तसाच धूर आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे.

हे उदाहरण पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि आजच्या परीक्षेचे मर्म त्यातच आहे. धूर तेथे अग्नी, हे खरे. मग अग्नी तेथे धूर, हेही खरे काय? नैयायिक म्हणतात, नाही. भट्टीतून काढलेला लोखंडाचा लालभडक गोळा पाहा. अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायचा तर नुसता अग्नी पुरत नाही, ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी असे नाव दिले. ओतशाळेत काम केलेल्या माणसाला हा दृष्टांत समजावून द्यावा लागत नाही.

विधान उलटे केले की ते खरे राहीलच असे नाही, आणि प्रत्येक युक्तिवादाच्या पोटात न बोललेली एखादी अट असू शकते, या दोन गोष्टी ज्याने ओळखल्या त्याने आजच्या प्रश्नपत्रिकेतील निम्मे सापळे ओळखले.

युरोपात या शास्त्राला नवे वळण मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. जॉर्ज बूल हा इंग्लंडातील लिंकन गावच्या एका चांभारकाम करणाऱ्याचा मुलगा. त्याने विद्यापीठाची पदवी घेतली नाही. सोळाव्या वर्षापासून मास्तरकी करून घर चालवले, स्वतःच्या हिमतीने गणित शिकला, आणि १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक झाला. १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तर्काला बीजगणिताचे रूप दिले. त्याच्याच काळातील दुसरा मोठा तार्किक ऑगस्टस डी मॉर्गन हा १८०६ साली आपल्या मदुरेस जन्मला होता. तर्कबुद्धी ही अमुक कुळाची मिरास आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लिंकनच्या या मुलाचे चरित्र अवश्य वाचावे.

२. हस्तलिखित उत्तरांचा काळ

दुसरे कूळ स्पर्धापरीक्षांचे. चीनमध्ये राज्याधिकारी निवडण्यासाठी सातव्या शतकाच्या आरंभापासून परीक्षा होत असत. ती पद्धत १९०५ साली बंद झाली. इंग्रजांनी आपल्या राज्यकारभारासाठी हा मार्ग धरला तो १८५४ साली, म्हणजे बूलचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी. त्या साली मेकॉलेच्या समितीने हिंदुस्थानातील मुलकी नोकरीसाठी खुल्या परीक्षेची योजना आखली, आणि १८५५ साली पहिली परीक्षा लंडनला झाली. वशिल्याच्या जागी गुण आले, ही प्रगती खरीच.

परंतु गुण कशाला होते ते पाहा. एकूण ६,८७५ गुणांपैकी इंग्रजी भाषा, वाङ्मय व इतिहास यांना १,५०० होते. ग्रीकला ७५० आणि लॅटिनला ७५०. संस्कृतला मात्र ३७५ आणि अरबीला ३७५. दार सर्वांना उघडे होते, पण उंबरठा एकाच्या पायाला बेताचा आणि दुसऱ्याच्या छातीइतका उंच! त्यातून सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली उत्तीर्ण झाले आणि पुढे मुंबई इलाख्यात नोकरीस आले. १८७८ पासून वयोमर्यादा २१ वरून १९ वर्षांवर आणण्यात आली, म्हणजे समुद्र ओलांडून येणाऱ्या हिंदी तरुणाची वाट आणखी अरुंद झाली. हिंदुस्थानातही ही परीक्षा घेतली जावी या मागणीला यश आले ते १९२२ साली.

या परीक्षेत तर्कशास्त्र होते, पण ते पुस्तकी विषय म्हणून होते. तर्काविषयी काय लिहिले आहे ते उमेदवाराने लिहावयाचे. आपल्याकडील संस्कृत परंपरेतही तर्काची परीक्षा होती; लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी १९२३ साली मिळवलेली तर्कतीर्थ ही पदवी तशाच परीक्षेची. ती देण्यासाठी ग्रंथांची पारायणे करावी लागत. ग्रंथ बाजूला ठेवून, समोरच्या अनोळखी मजकुरातून अनुमान काढून दाखव, असे म्हणणारी परीक्षा अजून जन्मावयाची होती.

३. सैन्य, शिसपेन्सिल आणि यंत्र

तिसऱ्या कुळाची सुरुवात चांगल्या हेतूने झाली. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने याने शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी काही कसोट्या तयार केल्या. त्या मुलांना अधिक मदत मिळावी हा त्याचा उद्देश होता. बुद्धी जन्मतः ठरलेली व न बदलणारी आहे, हे त्याला मान्य नव्हते. अमेरिकेत गेल्यावर या कसोट्यांचा अर्थ बदलला. १९१४-१५ च्या सुमारास कॅन्सस संस्थानात फ्रेडरिक केली याने वाचनाच्या परीक्षेत दिलेल्या पर्यायांतून एक निवडण्याची रीत आणली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, आणि रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सैनिकांची सरसकट बुद्धिपरीक्षा सुरू झाली. युद्ध संपेतो सुमारे सतरा लाख माणसे या कसोट्यांतून गेली.

त्यातला एक प्रश्न असा: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? अमेरिकन घरात वाढलेल्याला ते तळणीचे तूप ठाऊक असणार. काल इटलीहून वा पोलंडहून बोटीने उतरलेल्या मजुराला ते कसे ठाऊक असावे? त्याने चुकीची खूण केली, की तो मंदबुद्धी ठरला. कार्ल ब्रिगम या प्राध्यापकाने १९२३ साली याच आकड्यांवर पुस्तक लिहून उत्तर युरोपातील वंश बुद्धीने श्रेष्ठ असल्याचा निर्वाळा दिला. १९२४ साली अमेरिकेने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातली. तो कायदा एका पुस्तकाने झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण कायदा करणाऱ्यांच्या पूर्वग्रहाला अशा पुस्तकांनी शास्त्राचा अंगरखा चढवला, एवढे नक्की.

याच ब्रिगमने कॉलेज प्रवेशासाठी एक कसोटी तयार केली. २३ जून १९२६ रोजी सुमारे आठ हजार विद्यार्थ्यांनी ती दिली. तिचे नाव स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे आज जगभर ठाऊक असलेली सॅट. नऊ भाग, ३१५ प्रश्न आणि ९७ मिनिटे! म्हणजे एका प्रश्नाला वीस सेकंदही नाहीत. या नऊ भागांपैकी एकाचे नाव होते तार्किक अनुमान. ॲरिस्टॉटलची आणि गौतमाची विद्या येथे कॉलेजच्या दारावर द्वारपाल म्हणून उभी राहिली. ब्रिगमने १९३० साली आपले वंशविषयक निष्कर्ष निराधार असल्याचे जाहीरपणे मान्य केले. हे त्याला भूषणावह आहे. पण परीक्षा मागे घेतली गेली नाही; ती वाढतच गेली. १९३८ साली आय. बी. एम. कंपनीने पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साह्याने मोजणारे यंत्र बाजारात आणले, आणि हजारो उत्तरपत्रिका झपाट्याने तपासता येऊ लागल्या. ज्या प्रश्नाचे उत्तर खुणेने देता येते तोच प्रश्न विचारायचा, हा नियम यंत्राने घालून दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणासाठी पैसा दिला आणि विद्यापीठांत झुंबड उडाली. १९४५ साली कोलंबिया विद्यापीठाच्या विधी विभागातून कॉलेज बोर्डाकडे विचारणा गेली, की वकिलीच्या शिक्षणाची योग्यता मोजणारी एखादी परीक्षा तयार करता येईल काय? त्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली एलसॅट झाली. वकिलाचे काम पुराव्यातून अनुमान काढण्याचे, तेव्हा त्याची परीक्षा अनुमानाची, हे तसे रास्तच आहे. काळाच्या ओघात तिचे प्रश्न तीन जातींत स्थिरावले: युक्तिवादाचे परीक्षण, उताऱ्याचे आकलन, आणि अमुक माणूस अमुक खुर्चीवर बसला तर तमुक कोठे, अशा मांडणीची कोडी. ही कोडी आकृती काढून सोडवावी लागत. दृष्टिहीन उमेदवारांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, २०१९ साली तडजोड झाली, आणि ऑगस्ट २०२४ पासून ती कोडी परीक्षेतून गेली. आकृती काढता न येणारा माणूस उत्तम वकील होऊ शकतो, ही साधी गोष्ट मान्य व्हायला किती वर्षे लागली पाहा! कोड्यांची जागा युक्तिवादाच्या प्रश्नांनी घेतली. म्हणजे आज अनुमान हाच त्या परीक्षेचा कणा आहे.

४. प्रश्न सुटतो कसा?

नमुन्यासाठी मी एक प्रश्न रचतो. "एका सूतगिरणीच्या ज्या ज्या खात्यात नवी यंत्रे बसवली, त्या प्रत्येक खात्यात उत्पादन वाढले. यंदा स्पिनिंग खात्यात उत्पादन वाढले; वाइंडिंग खात्यात वाढले नाही." यावरून काय निश्चित होते? (अ) स्पिनिंग खात्यात नवी यंत्रे बसवली. (आ) वाइंडिंग खात्यात नवी यंत्रे बसवली नाहीत. (इ) नव्या यंत्रांवाचून उत्पादन वाढत नाही. (ई) नव्या यंत्रांमुळे गिरणीचा नफा वाढेल. (उ) वाइंडिंगचे कामगार कामचुकार आहेत.

उत्तर (आ). यंत्रे बसवली असती तर उत्पादन वाढले असते. ते वाढले नाही, म्हणून यंत्रे बसवली नाहीत. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर डोहात अग्नी नाही, म्हणून तेथे धूरही नाही. (अ) हा लोखंडी गोळ्याचा सापळा: यंत्रे तेथे वाढ, हे खरे असले तरी वाढ तेथे यंत्रे, असे होत नाही, वाढ चांगल्या कापसानेही झाली असेल. (इ) हे तेच उलटे विधान सर्व खात्यांना लावलेले. (ई) मध्ये नफा हा शब्दच नवा आहे, मजकुरात तो नाही. (उ) हे अनुमान व्यवस्थापकांचे फार आवडते असते, पण वरील मजकुरात त्याला कोठेही आधार नाही.

यावरून रीत ध्यानात येते. प्रथम प्रश्न काय मागतो ते पाहावे: जे असलेच पाहिजे ते, की जे असू शकेल ते? नंतर मजकुरातील परिमाणाचे शब्द अधोरेखित करावेत: सर्व, काही, बहुतेक, कधीही, फक्त. 'काही'वरून 'सर्व' काढणारा पर्याय तेथेच खोडावा. दोन पर्यायांत घोटाळा झाला तर मवाळ शब्दांचा पर्याय आधी तपासावा, कारण थोडे म्हणणारे विधान सिद्ध करायला थोडाच पुरावा लागतो.

युक्तिवाद कशावर गृहीत धरून उभा आहे, असा प्रश्न असेल तर तो पर्याय नाकारून पाहावा. "संपानंतरच्या महिन्यात उत्पादन घटले, म्हणून घट संपामुळे झाली," असे कोणी म्हणाले. यात गृहीत काय? दुसरे कारण नव्हते, हे. आता ते नाकारा: त्या महिन्यात कापसाच्या गाठीही आल्या नव्हत्या. युक्तिवाद लगेच ढासळतो. ढासळला, म्हणजे तेच त्याचे गृहीत. नैयायिकांचे ओले सरपण ते हेच.

मराठीत सर्वांत लबाड अक्षर कोणते, असे मला विचाराल तर मी 'च' म्हणेन. एका कारखान्याच्या फलकावर नोटीस लागली होती: "ज्यांची हजेरी पूर्ण आहे त्यांनाच बक्षीस देण्यात येईल." पूर्ण हजेरीचे कामगार बक्षिसाची वाट पाहत राहिले. व्यवस्थापनाने त्यांतील निवडक लोकांना बक्षीस दिले आणि वर सांगितले, की आम्ही पूर्ण हजेरीवाल्यांनाच दिले आहे, पूर्ण हजेरीवाल्या सर्वांना देऊ असे कोठे म्हटले होते? शब्दशः ते बरोबर होते! पूर्ण हजेरी ही अट होती, हमी नव्हती. पुढच्या वाटाघाटीत आम्ही तो 'च' काढून 'त्या प्रत्येकास' असे शब्द घालून घेतले. परीक्षागृहात या भेदाची किंमत एक गुण असते. कारखान्यात ती घरी जाणाऱ्या पैशाची असते.

५. मोजले जाते ते काय?

आता मुख्य प्रश्न. या परीक्षेत कोणी कमी पडला, तर त्याला अनुमान करता येत नाही असे ठरते काय? तसे ठरवणे हेच मला एक सदोष अनुमान वाटते.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१ व १९३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. निरक्षर शेतकऱ्यांना त्याने विचारले: उत्तरेकडील हिमप्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात; नोवाया झेम्ल्या त्या प्रदेशात आहे; तेथील अस्वले कोणत्या रंगाची? पुष्कळांनी उत्तर देण्याचेच नाकारले. आम्ही तेथे गेलो नाही. जो गेला असेल त्याला विचारा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ही माणसे शेती करीत होती, सौदे करीत होती, हवामानाचा अंदाज बांधीत होती. तर्क त्यांच्यापाशी होता. नव्हता तो शाळेतला करार: आपल्याला जे ठाऊक आहे ते घटकाभर बाजूला ठेवायचे आणि कागदावरचे तेवढे खरे मानायचे. हा करार उपयोगी आहे, पण तो शिकावा लागतो. आणि जे शिकावे लागते ते शिकवताही येते.

दुसरा दाखला इंग्लंडचा. १९६६ साली पीटर वेसन याने अक्षरे आणि आकडे लिहिलेल्या चार पत्त्यांचे कोडे तयार केले. एक नियम खरा की खोटा हे तपासायला कोणती पाने उलटावीत? विद्यापीठातील शिकलेली माणसेही बहुसंख्येने चुकली. पुढे १९८२ साली अमेरिकेत तेच कोडे दारू पिण्याच्या वयाच्या नियमाच्या रूपात घातले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी ते बरोबर सोडवले. आपल्या कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी हे कोडे रोज सोडवतो. गेटपासावाचून माल बाहेर जाता कामा नये, हा नियम. तो कोणाला अडवतो? ज्याच्या हाती माल आहे त्याला, आणि ज्याच्यापाशी पास नाही त्याला. पास दाखवणाऱ्याची किंवा रिकाम्या हाताने जाणाऱ्याची तो झडती घेत बसत नाही. तर्क तोच, परिचित वेषात आला की ओळखता येतो, अपरिचित वेषात आला की बुजायला होते.

तिसरा दाखला आमच्या क्षेत्रातला. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना संस्थानात ड्यूक पॉवर कंपनीचे वीजकेंद्र होते. तेथे कृष्णवर्णीयांना केवळ मजूर खात्यात घेत. १९६५ साली भेदभावबंदीचा कायदा अमलात आला, त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या खात्यांसाठी बुद्धिमत्तेची व यंत्रज्ञानाची अशा दोन लेखी परीक्षा लावल्या. आधीपासून त्या खात्यांत असलेले गोरे कामगार या परीक्षा न देताच काम नीट करीत होते. तेरा कामगारांनी फिर्याद केली, आणि ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की परीक्षेचा कामाशी संबंध मालकाने दाखवला पाहिजे. हेतू शुद्ध असल्याची ग्वाही पुरेशी नाही. चाळणी लावणाऱ्याने चाळणीचे समर्थन करावे, हे तत्त्व त्या मजुरांनी जगाला मिळवून दिले.

आपल्या देशातही हा वाद झाला. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ पासून पूर्वपरीक्षेत आकलन व तर्क यांची दुसरी प्रश्नपत्रिका आणली: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. इंग्रजी उताऱ्यांमुळे आणि क्लिष्ट भाषांतरामुळे आपल्यावर अन्याय होतो, अशी देशी भाषांत शिकलेल्या उमेदवारांची तक्रार होती. २०१४ साली दिल्लीत मोठे आंदोलन झाले. त्या साली इंग्रजी आकलनाचे गुण धरले गेले नाहीत, आणि २०१५ पासून ही पत्रिका केवळ ३३ टक्के मिळवून उत्तीर्ण होण्यापुरती ठेवली. परंतु पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका आजही हिंदी व इंग्रजीतच असते. मुख्य परीक्षा मराठीत लिहिण्याची मुभा असलेल्या आमच्या मुलाला तेथपर्यंत पोचण्यासाठी परक्या वाक्यरचनेतून अनुमान काढावे लागते. 'च'सारख्या एका अक्षराने अर्थ फिरतो हे आपण पाहिले. मग परभाषेतल्या अशा अक्षराला अडखळलेला मुलगा तर्कात अडखळला, असे कसे म्हणावे?

तेव्हा परीक्षा नको, असे माझे म्हणणे नाही. परीक्षा गेली तर वशिला परत येईल, आणि वशिल्याच्या राज्यात कामगाराच्या मुलाला कोणतीच जागा नव्हती. माझे म्हणणे इतकेच, की अनुमान हे कसब आहे, सुतारकामासारखे, कातकामासारखे. कसब सरावाने येते. आज तो सराव पैसे मोजून खाजगी वर्गांत मिळतो, आणि मग गुणपत्रिका पाहून आपण म्हणतो, अमक्याची बुद्धी तीव्र! हीच तालीम प्रत्येक शाळेत, मराठीतून आणि फुकट मिळाली पाहिजे. आमच्या कचेरीत रविवारी मुले जमतात, तेव्हा आम्ही छापील प्रश्नसंच नंतर उघडतो; आधी वर्तमानपत्रातील अग्रलेख, सरकारी परिपत्रक आणि कारखान्याची नोटीस वाचतो. यात म्हटले काय आहे? म्हटलेले नाही ते काय? कोणती अट लपलेली आहे? या तीन प्रश्नांची सवय लागली, की परीक्षेतले प्रश्न ओळखीचे वाटू लागतात.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती नागरिकांनी ऐकावे आणि ऐकलेले पारखावे म्हणून. ज्या गावात हे पारखणे चालू असते, तेथील मुलांना पर्याय निवडणे जड जाणार नाही. आणि ज्या मुलाला प्रवेश मिळाला नाही, त्याच्याही हाती एक गोष्ट उरेल, की पुढे मालक, पुढारी किंवा व्याख्याता त्याला काही सांगू लागला, तर हे कशावरून, असे तो विचारील. माझ्या आजच्या मांडणीलाही हा प्रश्न आपण खुशाल विचारावा.